पानं भिजेपर्यंत : निपाणीतल्या एका गल्लीच्या प्रकल्प नोंदी

8 जून 2025, रविवार

मारुतीच्या कट्ट्यावर पहिली बैठक झाली. निरोप पंचवीस घरांत दिला होता. चौदा जणी आल्या, त्यातल्या दोघी पोरं शोधत आलेल्या आणि मग बसून राहिलेल्या.

वही नवी आहे, तेव्हा हेतू लिहून ठेवते. गल्लीतल्या बायकांनी आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास, अंग हलवायचं. एकूण दीडशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम सांगितले, त्यातली ही खालची पायरी.

चौदांपैकी नऊ जणी घरी बिड्या वळतात, चौघी तंबाखूच्या वखारीत जातात, एक शिलाई मशीन चालवते. सात जणींना बीपीची गोळी चालू आहे, चौघींना शुगर.

छत्तीस वर्षं मुलींना पीटी शिकवली. शिट्टी वाजली की रांग लागायची. आज शिट्टी पर्समध्येच राहिली, कारण तोंड उघडायच्या आत थोरल्या आक्कांनी विचारलं, "बाई, दिवसभर आम्ही करतोय त्ये काय मग? झोपा काढतोय व्हय?" सगळ्या हसल्या. मीही हसून वेळ मारून नेली.

11 जून, बुधवार

सरकारी आरोग्यसेविका असलेल्या आमच्या आशाताईंबरोबर घरोघरी फिरले. तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, अशा प्रश्नांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी पाठवायचं. बाईचा घेर 80 सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य, 90 च्या पुढं गेला तर दोन. छापील फॉर्म कन्नडमध्ये, विचारणं मराठीत, उत्तरं निम्मी हिंदीत. आशाताई तिन्ही भाषा एका दमात फिरवतात.

तिसऱ्या घरी वहिनी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. शेजारी कापलेल्या पानांची चवड, सुपात जर्दा. "आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल हुत्या का?" त्यांनी मान वर केली नाही. "काम सुरूच हाय की दिवसभर." आशाताईंनी शून्य लिहिलं. दीडशेपेक्षा कमी असती तर एक गुण लागला असता.

यात कुणी खोटं बोललं नाही. वहिनी सकाळी नऊपासून चारपर्यंत काम करत होत्या, पण दोन वेळा उठल्या असतील. बोटं, मनगट आणि मान एवढंच चालू. आम्ही बेरीज केली ती चार आली. बरोबर चार. चारच्या वर नाही, म्हणून घाईच्या यादीत नाव नाही. बाहेर आल्यावर आशाताईंना म्हटलं, परत विचारूया, पण "काम" हा शब्द न वापरता. परत गेलो. "बसून किती वेळ असताय?" वहिनींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "बसूनच असतो की वो."

बेरीज पाच झाली.

15 जून, रविवार

मोजमाप. तीस मीटर मोजून दोन्ही टोकांना विटा ठेवल्या. सहा मिनिटांत किती फेऱ्या होतात ते पाहायचं. दम लागला तर थांबायची मुभा, घड्याळ मात्र थांबत नाही. दुसरी चाचणी खुर्चीची. हात छातीवर बांधून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजायचं. खुर्च्या मंडपवाल्याकडून आणल्या, बसून बसून एकीचा पाय मोडला. खुर्चीचा.

थोरल्या आक्का, वय सत्तर : नऊ फेऱ्या, म्हणजे 270 मीटर, मध्ये एकदा थांबून. तीस सेकंदांत पाच वेळा उठल्या, तेही हात सोडवून घेत. वखारीतल्या मावशी, वय बावन्न : पंधरा फेऱ्या, 450 मीटर, आणि उठणं चौदा. मावशींची पाठ थोपटली. मग आशाताईंनी पट्टा लावला तर बीपी 162/100.

रात्रभर हे डोक्यात राहिलं. जी बाई सगळ्यांत चपळ, पोती उचलते, उभ्यानं आठ तास काढते, तिचंच बीपी सगळ्यांत वाईट.

18 जून, बुधवार

वाचलं. बी.पी.एड.ला असताना लंडनच्या दुमजली बसचा अभ्यास शिकलो होतो. 1953 मध्ये जेरेमी मॉरिस यांनी दाखवलं की दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. तेव्हापासून माझं गणित सरळ होतं : हलणारा बरा, बसणारा वाईट. आता कळतंय की गोष्ट तिथं संपत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत डेन्मार्कमधल्या संशोधकांनी याचा दुसरा पदर उलगडलाय. फावल्या वेळातली हालचाल हृदयाला मानवते, मजुरीतली तेवढी मानवत नाही, कधी उलटी पडते. कारणं त्यांनी मांडली ती मावशींना वाचून दाखवली असती तर त्या म्हणाल्या असत्या, हे सांगायला डेन्मार्क कशाला : ओझं तेच, अवघडलेपण तेच, तासन्‌तास बीपी चढलेलं, आणि मध्ये विसावा आपल्या हातात नाही.

म्हणजे माझ्या चौदा जणी एक गट नाहीतच. बिडीवाल्या नऊ जणींना चालवायला हवं. वखारीतल्या चौघींना आधी टेकायला हवं, मग खांदे-कंबर मोकळी करणं आणि जमेल तेवढं हलकं चालणं. सगळ्यांना एका रांगेत उभं करून "एक-दो-एक" करायला निघाले होते मी.

22 ते 30 जून

पहाटे साडेपाचला चालायचं ठरवलं. हजेरी : 9, 6, 6, 3, 0 (पाऊस), 2, 1. शेवटच्या दिवशी ती एक म्हणजे मी.

नळाला पाणी दिवसाआड येतं आणि येतं ते पहाटेच. शाळेचे डबे. सासूचा चहा. वर "कुठं चाललाय नटूनथटून?" हा रस्त्यावरचा प्रश्न. नटलेली एकही नव्हती, एकीनं फक्त पोराचे बूट घातले होते.

2 जुलै, बुधवार

आजची नोंद महत्त्वाची. दुपारी वहिनींच्या दारात बसून मीही पानं कापायला घेतली. फर्मा पानावर ठेवून कात्रीनं बाजू कापायच्या. माझी निम्मी पानं वाया गेली, वहिनींनी काही न बोलता ती बाजूला सारली.

मी म्हटलं, अर्धा तास काढा की. त्यांनी हिशेब तोंडी सांगितला. दिवसाकाठी हजार बिड्या व्हायला पानं कापण्यापासून बंडल बांधेपर्यंत दहा तास लागतात. अर्धा तास म्हणजे पन्नास बिड्या. हजाराच्या मजुरीचा विसावा भाग. आठवड्याला पाच दिवस म्हणजे अडीचशे बिड्या, महिन्याला हजारावर. "म्हंजे तुमच्या चालण्यापायी म्हैन्याला एक दिवसाची मजुरी जातीय बाई. वर छाट निघती ती येगळी."

छाट म्हणजे कारखान्यात नापास ठरलेल्या बिड्या. त्या मोजल्या जात नाहीत.

2022 सालचे आकडे धरून केलेली एक जागतिक पाहणी 2024 मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आली. तिच्या हिशेबानं भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. बायकांत हे प्रमाण 57 टक्के, पुरुषांत 42. वर्तमानपत्रांनी "भारतीय आळशी" अशा सुरात बातम्या केल्या होत्या, मीही एक कात्रण फळ्यावर लावलं होतं. ते आठवून आज शरमल्यासारखं झालं. पगारी माणसाचा अर्धा तास फुकट असतो. वहिनींच्या अर्ध्या तासाला दर आहे.

6 जुलै, रविवार

आषाढी एकादशी आणि मोहरमचा दहावा दिवस एकत्र आले. निम्म्या जणी विठ्ठलाच्या देवळात, निम्म्या पंजे बघायला, आणि काही जणी दोन्हीकडं. 270 मीटरला थांबलेल्या थोरल्या आक्का आज सकाळपासून पायांवर होत्या. मी विचारलं, दम? "त्यो देव बघतोय." वहीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

13 जुलै, रविवार

तालमीत वस्तादांना भेटायला गेलो, पाच जणी. गल्लीत अंग हलवायची हक्काची जागा तेवढीच आणि ती पुरुषांची. दोनशे घरांच्या वर्गणीनं चालते, वर्गणी बायकांच्या मजुरीतूनही जाते, हे मी बोलायला गेले नाही. आमच्यातल्या खालाजाननी बोलून टाकलं.

वस्ताद रागावले नाहीत. लाल मातीच्या हौदाजवळ बाईचं पाऊल नको, ही जुनी रीत आहे म्हणाले. बाहेरचं अंगण दुपारी तीन ते पाच घ्या. आता मुलीही मॅटवर कुस्ती खेळतात, पदकं आणतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. "मॅटची गोष्ट येगळी, मातीची येगळी," एवढंच म्हणाले. वाद घातला नाही. मला अंगण हवं होतं.

घरी येताना वहिनी म्हणाल्या, "तीन ते पाच? तवा तर हात सगळ्यात जास्त चालतोय." अंगण मिळालं, वेळ नाही.

29 जुलै, मंगळवार

नागपंचमी. गेले आठ दिवस रात्री फेर चालू आहेत, त्याच तालमीच्या अंगणात, आणि वस्तादांना कुणी विचारलंही नाही. पंचमीला विचारत नसतात. झिम्मा, फुगडी, पिंगा, काटवट काणा. मी घड्याळ लावून बसले. फुगडीला चाळीस सेकंदांत धाप, फेराला पंधरा मिनिटं सलग. मध्यम हालचालीची सोपी खूण अशी सांगतात : बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. आमच्या बायका फेर धरून गाणीही म्हणतात. म्हणजे एक तर फेर हलका, किंवा फुप्फुसं तयार. थोरल्या आक्कांकडं बघून मला पहिलं वाटतं, वखारीतल्या मावशींकडं बघून दुसरं.

एकूण 26 जणी. रोज किमान चाळीस मिनिटं. मनात म्हटलं, सापडलं.

12 ऑगस्ट, मंगळवार

सापडलं नव्हतं. पंचमी संपली, फेर संपले. "रोज रात्री असंच खेळूया" म्हटल्यावर बायकांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी श्रावणात होळी पेटवा म्हणतेय. पंचमीचा खेळ पंचमीला. त्यात माहेरची आठवण असते, रुसवे असतात, झोका असतो. त्यातून तेवढा "व्यायाम" चमच्यानं काढून घेता येत नाही. शहाण्या लोकांचे अहवाल वाचून मीही "पारंपरिक खेळांतून आरोग्य" असं काहीतरी लिहायच्या बेतात होते. खोडलं.

शिवाय फुगडीनं दोघींचे गुडघे सुजले. ती चूक माझी. वजन जास्त, गुडघे दुखरे, आणि मी टाळ्या वाजवत होते.

सप्टेंबरची पहिली तारीख वगैरे

गौरी-गणपती. नोंद नाही. मोदकही पुष्कळ खाल्ले.

14 सप्टेंबर, रविवार

उपाय शेवटी वहिनींनीच काढला, आणि तो इतका साधा की मला तीन महिन्यांत सुचला नाही. दुसऱ्या दिवसाची तेंदूची पानं संध्याकाळी पाण्यात भिजायला घालतात. भिजली की निथळून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, म्हणजे सकाळी मऊ राहतात. पानं पाण्यात असतात तेवढा वेळ बिडीचं काम पुढं सरकत नाही. तो वेळ आजवर भांडी घासण्यात, उंबऱ्यावर बसण्यात जायचा. "पानं भिजंस्तोवर चालून येऊया. पन्नास बिड्या बी वाचत्यात."

भांडी? पोरग्यांनी घासायची, असं परस्पर ठरलं. दोन घरांत पोरगे म्हणजे मुलगे. बघू.

मार्ग : गल्लीतून अर्जुननगरच्या बाजूला आणि परत. अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात. निपाणी बेळगाव जिल्ह्यात. रस्ता एकच. पाट्यांवरची अक्षरं बदलली की समजायचं, राज्य बदललं. आमचं फिरणं रोज आंतरराज्य होणार.

अडचण एकच. मधल्या वळणावर खांब आहे, दिवा नाही. तिथंच संध्याकाळी बाटल्या घेऊन बसणारे असतात. सात वाजता त्या वळणावरून एकटी बाई जात नाही, दहा जणीही बिचकतात.

बिचकण्याची चर्चा चालू असताना थोरल्या आक्का उठल्या. "1981 ला तंबाखूच्या दरासाठी ह्याच निपाणीत हायवेवर ठिय्या दिला. पोलीस हुते, लॉऱ्या हुत्या. मी हुतो तिथं, कडेवर पोर घिऊन. आणि आता बाटलीवाल्यास्नी भ्यायचं?" मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "दिवा मातुर पायजेच. पाय मुरगाळतोय."

17 ते 26 सप्टेंबर

दिव्यासाठी अर्ज. मराठीत लिहिला, खिडकीवरून परत आला, कन्नडमध्ये आणा म्हणून. या भागात यावर किती शाई आणि किती घसा खर्च झालाय ते मी लिहीत बसत नाही. शिलाईवाल्या ताईंची नववीतली मुलगी कन्नड माध्यमात आहे. तिनं दहा मिनिटांत लिहून दिला, वळणदार अक्षरात. पोच मिळाली. दिवा नाही.

नवव्या दिवशी वस्तादांचा निरोप आला. तालमीच्या मीटरवरून वायर ओढून पोरांनी वळणावरच्या घराच्या भिंतीला दिवा लावलाय. बिल तालीम भरणार. आणि संध्याकाळी कसरत झाली की चार पोरं तिथं उभी राहतील, "तुमच्यासाठी न्हाई, आमास्नी बी गार वारं लागतंय." हौदाच्या मातीबद्दल जे मनात होतं ते मी गिळलं होतं, ते बरं झालं.

बाटलीवाले पुढच्या वळणावर गेले.

5 ऑक्टोबर, रविवार

दसरा झाला. चालू आठवडा : सोमवार 11, मंगळवार 12, बुधवार 9, गुरुवार दसरा म्हणून सुट्टी, शुक्रवार 13. जाऊन-येऊन अडतीस मिनिटं लागतात. वेगाची परीक्षा गाण्यावर घेते : कुणी आरामात ओवी म्हणायला लागलं की पुढचीनं पाय उचलायचा.

वखारीतल्या चौघी सगळ्यांबरोबर चालत नाहीत. त्या मधल्या कट्ट्यापर्यंत येतात, पाय वर घेऊन पाच मिनिटं बसतात, मग भिंतीला पाठ लावून खांदे, मांडीचा मागचा भाग, पोटऱ्या ताणतात, सावकाश श्वास घेतात आणि परत निघतात. सुरुवातीला बाकीच्यांनी "ह्या बसायला येत्यात" म्हणून टोमणे मारले. मावशी म्हणाल्या, "आठ तास हुबा ऱ्हा, मग बोल." टोमणे बंद. मावशींची गोळीही आता नियमित आहे. ते सगळ्यांत मोठं काम, आणि त्याचं श्रेय आशाताईंचं.

एक खंत. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. त्यामुळं दवाखान्याला, माहेरी, बाजाराला जाणं किती सुटसुटीत झालं हे मी रोज बघते. पण दोन स्टॉपसाठीही आता बस. योजनेविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, फक्त परतताना एक स्टॉप आधी उतरा म्हणते. कंडक्टर हसतात.

19 ऑक्टोबर, रविवार

दोन दिवस ताकदीचे व्यायाम सुरू केले, घरच्या घरी, उंबऱ्यापाशी. खुर्ची नसलेल्या घरात पाण्याचा पालथा पिंप. त्यावर टेकून उठायचं, दहाच्या दोन खेपा. भिंतीला हात लावून जोर. चवड्यांवर उभं राहणं. बिडीवालीचं बसणं मांडी घालून, मान खाली, खांदे पुढं. म्हणून दर बंडलांच्या ढिगाला एकदा खांदे मागं घेऊन दहा आकडे मोजायचे. घड्याळ लावा म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. बंडलं त्यांना मोजायचीच असतात.

थोरल्या आक्कांसाठी तोल सांभाळण्याचं वेगळं : भिंतीशेजारी एक पाऊल दुसऱ्याच्या पुढं लावून चालणं. पासष्टीनंतर पडणं हा मोठा धोका, म्हणून हे आठवड्यातून तीन दिवस. त्या पिठाची रेघ ओढून तिच्यावरून चालतात. नातू मागून चालतो आणि पडतो.

9 नोव्हेंबर, रविवार

परत विटा, परत तीस मीटर. थोरल्या आक्का 270 वरून 330, न थांबता. उठणं पाचावरून आठ. वहिनी 360 वरून 420. मावशींचं चालणं होतं तेवढंच, बीपी 138/88. त्यात गोळी किती, विसावा किती, हे मला सांगता येत नाही आणि सांगायची गरजही वाटत नाही. दोघींचं काहीच बदललं नाही. शिलाईवाल्या ताई महिनाभर आल्याच नाहीत, दिवाळीचे ब्लाउज होते. एकीला नवऱ्यानं बंद केलं. तिच्या घरावरून जाताना आम्ही जरा मोठ्यानं बोलतो.

कमरेचा घेर कुणाचाही फारसा उतरला नाही. फराळ होता.

आशाताई आता फॉर्म भरताना "बसून किती, उभं किती, ओझं किती" असं तीनदा विचारतात. कागदावर रकाना एकच असतो, म्हणून समासात पेन्सिलनं लिहितात.

12 नोव्हेंबर, बुधवार

कंत्राटदाराकडून पानांचं पोतं आलेलं नाही. आठवडाभर येणार नाही म्हणतात. पानं नाहीत म्हणजे भिजत घालायचं काही नाही, वळायचं काही नाही, मजुरी नाही. दिवसभर सगळ्या जणी दारात मोकळ्या बसलेल्या.

मी म्हटलं, आता तर वेळच वेळ आहे, आज लांबवर जाऊया.

वहिनींनी रिकामं सूप भिंतीला टेकवून ठेवलं होतं. "पान न्हाई तर चालायला कुठलं मन लागतंय, बाई."

संध्याकाळी वळणावर दिवा लागला होता. तालमीची पोरं उभी होती. आक्का आणि मी, दोघीच गेलो.